दोन्ही चाकं एकाच दिशेनं

गिअर ऑइलच्या वासाची मला किळस येते. मोटार मेकॅनिकचा धंदा शिकवण्यात ज्याची सगळी नोकरी सरली त्यानं असं म्हणावं हे चमत्कारिक आहे, पण आहे ते आहे. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्याच्या खालचा बूच काढला की जुनं तेल काळ्या लाळेसारखं लोंबत खाली येतं. सडकी अंडी आणि जळकं रबर एकत्र ठेवल्यासारखा त्याला वास असतो. साबण लावा, रॉकेलनं हात धुवा, नखांच्या कडेला तो राहतोच. पूर्वी मला त्याचं काही वाटायचं नाही. त्याच हातानं मी डबा खायचो.

किळस कधीपासून यायला लागली ते मला नेमकं ठाऊक आहे. ते मी घरात सांगितलं नाही, संस्थेत सांगितलं नाही. मी कमी बोलतो, लोकांना वाटतं स्वभावच तसा. स्वभाव कसला? एक गोष्ट तोंडातून निसटू नये म्हणून बाकीच्याही गिळायची सवय लागली, एवढंच.

आमचं गाव फुलंब्रीच्या पुढं, डांबरी रस्त्यापासून आत. वडील गेल्यावर शेती दादानं केली आणि मला शिकवलं. मी शहरात सरकारी प्रशिक्षण संस्थेत निदेशक, म्हणजे शिक्षक, झालो. शहराचं नाव तेव्हा अजून बदललं नव्हतं. गावात मला सगळे ‘सर’ म्हणायचे, दादा म्हणायचा नाही, पण गाडीचं काही निघालं की चारचौघांत म्हणायचा, “आमच्या सरांला इचारून सांगतो.” त्यात त्याला फार सुख होतं. मलाही होतं, हे कबूल करतो.

आम्हा दोघांत एक जुनी पिकअप होती. चालवायचा दादाच. मका, कापूस घेऊन सिल्लोडला जायचा, कधी भाजी घेऊन शहरात यायचा. गाडी इंजिनाला ठणठणीत होती. अडचण होती ती शेतातून डांबरीवर येणाऱ्या वाटेची. मध्ये एक ओढा, त्याच्या दोन्ही अंगांना काळी माती. आमच्याकडची काळी माती ज्यानं पावसाळ्यात पाहिली नाही त्याला चिखल म्हणजे काय ते कळायचं नाही. ती चाकाला धरते, चाकाबरोबर फिरते, वर पंख्याच्या पात्यासारखी उडते आणि कुजलेल्या मक्याच्या धांड्यांचा आंबूस वास सोडते. पिकअपचं एक मागचं चाक त्यात गेलं की गरागरा फिरायचं आणि दुसरं, कोरड्यावरचं, पाहुण्यासारखं नुसतं उभं.

हा दोष गाडीचा नव्हे. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्याला कमी. दोघांना आपापल्या वेगानं फिरता यावं म्हणून मध्ये डिफरन्शियल असतो. त्याची खोड एवढीच की एक चाक मोकळं फिरायला लागलं की दुसऱ्याचंही बळ जातं. हे मी दरवर्षी नव्या मुलांना पहिल्याच तासाला शिकवायचो. गाडी जॅकवर उचलायची, एक चाक हातानं पुढं फिरवायचं. दुसरं आपोआप उलट्या दिशेनं फिरतं. मुलांना जादू वाटायची.

ओढ्यात गाडी बसली की दादा शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला बोलवायचा. तो साखळी लावता लावता तोंडाचा पट्टा सोडायचा. “गाडी हाय का म्हैस? चिखूल दिसला की बसती. सरांला सांग, दावं पाठवून दे.” दादा हसायचा. मग एका पावसाळ्यात मक्याची पोती रात्रभर ओढ्यात राहिली, खालच्या थरातले दाणे भिजून फुगले, आणि सिल्लोडच्या अडत्यानं पोत्यात हात घालून तो चिकट, गरम गोळा दादाच्या समोर धरला. दादानं मला फोनवर सगळं सांगितलं आणि म्हणाला, चाकाचं काहीतरी कर आता, तुझ्याशिवाय कोणाला सांगू.

मी म्हटलं, बघतो.

बघणं म्हणजे काय, तर मी पुस्तकं काढली, माहितीपत्रकं मागवली. तीन वाटा होत्या. पहिली, प्लेटांचा डिफरन्शियल. त्याच्या आत क्लचसारख्या पातळ चकत्या असतात, एक चाक घसरायला लागलं की त्या आवळतात आणि थोडं बळ दुसऱ्या चाकाकडं ढकलतात. थोडंच. दुसरी, लॉकरची. केबिनमधली दांडी ओढली की दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जातात, चिखलातून निघाल्यावर दांडी सोडायची, परत मोकळी. तिसरी वाट कुठल्याही पुस्तकात नव्हती, पण आमच्याकडच्या प्रत्येक शेडमध्ये ठाऊक होती: आतले छोटे गिअर वेल्डिंग मारून एकमेकांना कायमचे चिकटवून टाकायचे. त्याला ‘जाम करणं’ म्हणतात. मग चाकं कायमची जोडलेली, चिखलात, डांबरीवर आणि वळणावरसुद्धा.

गाडीचं काम आमच्याकडं एकाच माणसाच्या हातून व्हायचं. हर्सूलच्या रस्त्याला, तुरुंगाच्या अलीकडं, चाचांची शेड होती. आमच्याकडची जुनी माणसं काळ मोजताना ‘ॲक्शनच्या आधी’ आणि ‘ॲक्शननंतर’ असं म्हणतात. चाचांचे वडील ॲक्शनच्या आधी निजामाच्या बसगाड्यांवर होते आणि पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे निजामाचं राज्य गेल्यावर, त्यांनी ही शेड टाकली, एवढं मला माहीत होतं. चाचा गोड माणूस नव्हते. तंबाखू सतत तोंडात, बोलताना शेडच्या एकाच कोपऱ्यात थुंकायचे, आणि त्या कोपऱ्याकडं पाहून मला मळमळायचं. गाडीवाल्याला चारचौघांत वेड्यात काढायचे. पण हात असा होता की दादा म्हणायचा, चाचाचा हात लागला म्हंजी मी डोळे मिटून चालवतो.

मी माझी माहितीपत्रकं घेऊन त्यांच्याकडं गेलो. खरं तर सल्ला घ्यायला नाही, ऐकवायला गेलो. पुण्याला एक कारखाना आपल्या गाड्यांसाठी लॉकर बनवतो, तो मागवायचा, असं मी ठरवून टाकलं होतं. चाचांनी कागद हातातही घेतला नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. भंगार बाजारात आपल्याच मॉडेलची एक गाडी आली आहे, वरच्या दर्जाची, तिच्यात प्लेटवाला आहे. तो काढून आणा, प्लेटा बदलू, बसवून देतो. ओढ्यात घालताना दादानं हँडब्रेक दोन दाते ओढून धरावा, म्हणजे प्लेटा आवळतात आणि गाडी निघते. दांडीवाल्याचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, तुमचा भाऊ दांडी ओढेल, सोडायला विसरेल.

मला ते ऐकून तिडीक आली. भंगारातला, दुसऱ्याचं तेल प्यालेला माल माझ्या गाडीत? आणि हँडब्रेक ओढून गाडी काढायची, हा काय उपाय झाला? मी निदेशक होतो. मी थट्टेत म्हटलं, मग जामच करून टाकू या की.

चाचांनी तंबाखू थुंकली आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

“जाम खेत में चलता सर, रोड पे नहीं. गीले डांबर पे मोड़ आया तो गाडी सुनती इच नहीं. आदमी मरता. मेरे शेड में वो काम नक्को.”

हे मला शिकवायची गरज नव्हती. हे मीच शिकवत होतो.

पुण्याचा लॉकर आला. लाकडी खोक्यात, तेलकट कागदात गुंडाळलेला, चांदीसारखा चकचकीत. मी तो संस्थेच्या वर्कशॉपमध्ये ठेवला. रविवारी दादाकडून गाडी आणून घेतली, मागचा ॲक्सल उघडला, शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, बाहेर काढला आणि नव्या वस्तूत घालून पाहिला. बसेना. फिरवून पाहिला, साफ करून पाहिला. मग शाफ्टच्या टोकाचे दाते मोजले. मग लॉकरच्या आतले मोजले. आकडे जुळत नव्हते.

दाते मोजून मगच मागणी नोंदवायची, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही सांगितलेलं असतं. आमची गाडी जुनी होती, तिचा शाफ्ट जुन्या पद्धतीचा, आणि मी माहितीपत्रकावरचं मॉडेलचं नाव वाचून मोकळा झालो होतो. चाचांनी मोजले असते. चाचांनी वस्तू हातात घ्यायच्या आधी बोट फिरवून मोजले असते.

त्या दुपारी मी वर्कशॉपमध्ये एकटा होतो. जमिनीवर जुनं तेल सांडलेलं, त्यात माझ्या बुटांचे ठसे. दोन रस्ते होते. दादाला फोन करून म्हणायचं, माझं चुकलं, चाचाचं बरोबर होतं, आठवडाभर थांब. नाहीतर... मी वेल्डिंगचा सेट ओढला, जुन्या डिफरन्शियलमधले गिअर पुसले आणि जाम करून टाकले. अंगाला तेल चिकटलेलं लोखंड वेल्डिंगखाली तडतडतं, त्याचा पिवळट धूर येतो. तो धूर माझ्या घशात बसला तो अजून तिथंच आहे, असं मला वाटतं. वेल्डिंग सुंदर झालं होतं. परीक्षेत पैकीच्या पैकी द्यावेत असं.

मी स्वतःला काय सांगितलं तेही लिहून टाकतो. तात्पुरतं आहे, असं सांगितलं. मका निघेपर्यंत. मग भंगारातला प्लेटवाला आणू आणि गुपचूप बदलू. माणूस नालायकपणा करताना नेहमी त्याला मुदत घालतो, म्हणजे तो कर्जासारखा वाटतो, चोरीसारखा नाही.

संध्याकाळी दादा गाडी न्यायला आला. मी म्हटलं, झालं काम, पुण्याचा बसला, दांडीबिंडी काही ओढायची नाही, आपोआप धरतो आणि आपोआप सोडतो. दादानं खोटं ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. त्यानं फक्त एक विचारलं.

“चाचाच्या हातनं बसवला ना?”

“हो,” मी म्हटलं.

एक अक्षर. ते म्हणायची गरजही नव्हती. पण माझ्या हातावर त्याचा तेवढा भरवसा नव्हता, हे मला लागलं, आणि तरीही मी हो म्हटलं. या दोन गोष्टी एकत्र कशा राहतात ते मला आजही सांगता येत नाही.

ओढ्यातून गाडी रणगाड्यासारखी निघाली. दादानं मुद्दाम ट्रॅक्टरवाल्याला बांधावर उभं करून दाखवलं. फोनवर तो इतका खूश होता की मला फोन ठेवून द्यावासा वाटला. पंधरा दिवसांनी म्हणाला, वळताना मागं च्यूं च्यूं आवाज येतो, स्टिअरिंग जड लागतंय. मी म्हटलं, नवीन आहे, रुळेल. मग म्हणाला, मागचे टायर खाल्ल्यासारखे झालेत. मी म्हटलं, हवा बघ. प्रत्येक वेळी मला उत्तर तयार सापडायचं, झुरळ बाहेर यावं तसं, कुठून येतंय ते न दिसता.

मका निघाला. मी प्लेटवाला आणायला गेलो नाही. चाचांना तोंड दाखवावं लागलं असतं.

दादा सिल्लोडला माल टाकून रिकामी गाडी घेऊन परत येत होता. दुपारची वेळ, नुकती एक सर पडून गेली होती, डांबर ओलं. आमच्या फाट्याच्या अलीकडच्या वळणावर गाडीचं तोंड वळलंच नाही, आणि मग मागचं अंग एकदम बाहेर फेकलं गेलं. रस्त्याकडेच्या चिंचेवर उजवी बाजू आदळली. दादाचा उजवा गुडघा डॅशखाली सापडला. जीव वाचला. गुडघा मात्र त्यानंतर कधी दुमडला नाही. जेवायला बसताना तो पाय भिंतीकडं काठीसारखा लांब सोडून बसतो आणि वहिनी त्याच्या ताटाखाली स्टूल सरकवतात. तेव्हापासून त्यानं कुठलंच स्टिअरिंग हातात धरलेलं नाही.

रस्त्यावरून उचललेली गाडी ज्यानं ओढून आणली त्यानं ती सवयीनं चाचांच्या शेडमध्ये नेऊन टाकली. दादा दवाखान्यातून सुटला त्याच दिवशी गावातली पाच-सहा माणसं त्याला जीपमध्ये घालून तिथं घेऊन गेली. मला संस्थेतून बोलावून घेतलं. सर पाहिजेत, म्हणाले. सर सांगतील काय झालं ते.

दादा कुबड्यांवर उभा होता, घामानं भिजलेला. तो चाचांना म्हणत होता की मी डोळे मिटून तुझ्यावर ठेवलं आणि तू काय बसवलंस ते सांग. बरोबरची माणसं जे बोलत होती ते मी लिहीत नाही. चाचांनी गाडीत काय बसवलं यापेक्षा चाचा कोण, याच्याशी त्या बोलण्याचं घेणंदेणं जास्त होतं. चांगली, घरातली, मला लहानपणी खांद्यावर घेतलेली माणसं होती ती. त्यांच्या तोंडातून ते बाहेर पडताना मी पाहत होतो, आणि मला कळत होतं की ही घाण वर यायला वाट मी करून दिली आहे.

चाचा वाद घालायला पुढं आले नाहीत. त्यांना बहुधा सुरुवातीला काही कळलंच नाही. त्यांनी आमच्या गाडीला कित्येक महिन्यांत हात लावला नव्हता. मग ते गाडीच्या मागं गेले. मागचा भाग जॅकवर उचललेला होता. त्यांनी डावं चाक हातानं पुढं फिरवलं.

उजवं चाकही पुढं फिरलं.

त्यांनी परत फिरवलं. दोन्ही चाकं एकाच दिशेनं. तिथं जमलेल्यांत त्याचा अर्थ कळणारी माणसं दोनच होती. चाचा हात पुसत पुसत माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“सर, तुमीच बोला यांना. हे कोनाचं काम?”

मराठीत म्हणाले. गावच्या माणसांना कळावं म्हणून.

मी गप्प बसलो असतो तरी पुरे होतं. मी गप्प बसलो नाही. मी खाकरलो आणि वर्गात बोलतो त्या आवाजात म्हणालो, “बसवताना काहीतरी चूक झालेली दिसते.”

झालं. तज्ज्ञाचं मत पडलं. एकानं शेडच्या दाराला लाथ घातली, एकानं अवजारांची पेटी उलटी केली, आणि दादानं, माझ्या शांत दादानं, चाचांच्या अंगावर थुंकायला तोंड पुढं केलं. थुंकी पडली ती त्याच्या स्वतःच्या कुबडीवर. चाचा त्याच्याकडं पाहत नव्हते. ते माझ्याकडं पाहत होते, खाण्यात अळी निघाल्यावर माणूस ताटाकडं पाहतो तसे. मग म्हणाले, गाडी उठाव इथून.

गाडी मीच भंगारात दिली. मागच्या ॲक्सलसकट, न उघडता. पुण्याचा लॉकर संस्थेच्या कपाटात होता, तो मी पुढं मुलांना दाखवायला वापरू लागलो. उत्तम नमुना आहे, अजून तसाच चकचकीत आहे.

फुलंब्रीच्या बाजूच्या गाड्या चाचांच्या शेडला जायच्या हळूहळू बंद झाल्या. कोणी कारण विचारलं की गावात सांगायचे, आमच्या सरांनीच पाहिलं की डोळ्यांनी. ही गोष्ट लग्नात, दहाव्याला, एसटीत, मी इतक्यांदा इतक्या तोंडांतून ऐकली की तिच्यात भर पडत गेलेली मला दिसायची. चाचानं मुद्दाम केलं, इथपर्यंत ती गेली. मी ताटावरून उठून हात धुवायला जायचो.

मग परवा, म्हणजे गेल्या उन्हाळ्यात, दादाचा फोन आला. शेतीला परत एक जुनी पिकअप घ्यायचं घरात चाललंय, चालवायला माणूस ठेवू. “तूच बघून घे. चिखलाचं पण बघ काय बसवायचं ते. फक्त त्या चाचाकडं नको.” आणि मग हसून म्हणाला, तुझ्यावर सोडलं म्हणजी मला घोर नाय.

फोन ठेवला आणि मला खरोखरीच उलटी झाली. बायकोला वाटलं पित्त.

दुसऱ्या दिवशी मी चाचांकडं गेलो. शेडचा पुढचा अर्धा भाग आता टायर पंक्चरवाल्याला दिलेला आहे. चाचा मागं खाटेवर बसून होते, एका डोळ्याला दिसत नाही, तंबाखू चालूच. मी सगळं सांगितलं. वेल्डिंग कोणत्या दिवशी मारलं, का मारलं, दादाला काय सांगितलं. मी वाट पाहत होतो की ते ओरडतील, किंवा दाराकडं बोट दाखवतील, किंवा माफ केलं म्हणतील. यातलं काहीही झालं असतं तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं, आणि तेवढ्यासाठीच मी गेलो होतो, हेही इथं लिहून ठेवतो.

ते म्हणाले, “मेरे कू क्या कू बताने आए? मेरे कू तो मालूम इच था. जिसकू नहीं मालूम उसकू बोलो ना.” आणि पंक्चरवाल्याला हाक मारून विचारलं की बाहेर कोणाची गाडी आडवी लावली आहे. माझीच होती.

तिथून मी सरळ गावाला गेलो. दादा ओसरीवर, पाय लांब करून, वर्तमानपत्र वाचत होता. वहिनी शेतात होत्या. मी बसलो नाही. बसलो असतो तर पाणी आलं असतं, मग चहा, मग मी उठून निघून आलो असतो. उभ्यानं सांगितलं.

माझं बोलून झालं तेव्हा दादानं वर्तमानपत्राची घडी घातली. मला वाटलं, आता गुडघ्याचं बोलेल. त्यानं विचारलं ते वेगळंच होतं.

“म्हंजी मी त्या वळणावर बिरेक मारला नसता, तरी गेली असती?”

मी म्हटलं, “गेली असती. रिकामी गाडी, ओलं डांबर. बिरेकचा संबंध नाही.”

तेव्हा मला समजलं. चाचाला चारचौघांत शिव्या घातल्या, पण आतून त्याला सगळी वर्षं वाटत होतं की आपलाच पाय चुकला. वळणावर घाबरून ब्रेक मारला, म्हणून गेली. ते त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. वहिनींनाही नाही. त्यानं स्टिअरिंग सोडलं ते गुडघ्यामुळं नव्हे. आम्ही दोघं भाऊ इतकी वर्षं एकमेकांच्या समोर बसून जेवलो, आणि दोघांच्या तोंडात एकाच अपघाताचा घास, त्याचा चुकून पडलेला, माझा मुद्दाम धरलेला.

मग त्याचा चेहरा बदलला. मला वाटतं त्या क्षणी त्याला शेड आठवली.

“माझ्या तोंडानं बोलायला लावलंस तू मला ते,” तो म्हणाला. “त्या माणसाला. माझ्या तोंडानं.”

त्यानं काठी ओढली, टोपी घातली, आणि ओसरीवरून एकेक पायरी आडवा होऊन उतरला. कुठं निघालास, असं मी विचारलं, म्हणजे ठाऊक असून विचारलं. मी म्हटलं, चल, गाडीनं सोडतो, मी पण येतो.

“तू नको येऊ. तू आलास तर तिथं परत सरांवानी बोलशील.”

फाट्यापर्यंत मी त्याच्या मागं दहा पावलांवर चालत गेलो. त्यानं वळून पाहिलं नाही. शहराकडं जाणारी एसटी आली, वाहकानं त्याचा पाय पाहून हात दिला, दादानं तो हात घेतला. चाचांशी तो काय बोलला ते मला माहीत नाही. त्यानं सांगितलं नाही आणि मला विचारायचा हक्क उरलेला नाही.

मी फाट्यावरच्या हॉटेलात गेलो. त्या दिवशी शेडवर आलेल्यांतले तिघे जण नेहमीसारखे बाकावर होते, ट्रॅक्टरवालाही होता. आता सांगून टाकू, म्हटलं, जिथं पसरवलं तिथंच. मी उभ्यानंच सांगितलं. डिफरन्शियल मी जाम केला, माझ्या हातानं, चाचानं हात लावला नव्हता, शेडवर मी खोटं बोललो.

सगळ्यांत वडीलधारा होता तो माझ्या हातावर थोपटत म्हणाला, सर, तुम्ही लई मोठ्या मनाचे. दुसऱ्याचं पाप अंगावर घेताय. मी म्हटलं, अंगावर घेत नाही, माझंच आहे. ट्रॅक्टरवाला बाकीच्यांकडं पाहून हसला. “आता त्यो म्हातारा झाला, आंधळा झाला, म्हून सरांला दया आली. जाऊ द्या सर. आमाला काय म्हायती नाय का?”

मी परत पहिल्यापासून सांगितलं. दाते, वेल्डिंग, चाकं कुठल्या दिशेनं फिरली, सगळं. ते आदरानं ऐकत होते. माझ्या आवाजात वर्गातला सूर येतोय, हे मला ऐकू येत होतं, आणि जितकं नीट समजावून सांगावं तितका त्यांचा माझ्या मोठेपणावरचा विश्वास वाढत होता. त्यांना ती दुसरी गोष्टच हवी होती. तिच्यावर त्यांचं इतकी वर्षं पोट भरत होतं.

हॉटेलवाल्यानं न विचारता माझ्यासमोर स्पेशल चहा आणून ठेवला, मलईचा. सरांकडून पैसे घ्यायचे नाहीत, असं आतल्या पोऱ्याला ओरडून सांगितलं. ग्लासाच्या काठावर जाड साय लोंबत होती. मी तो ढकलून द्यायला हवा होता, निदान तसाच ठेवून उठायला हवं होतं. सगळे माझ्याकडं पाहत होते. मी तो प्यालो, सायीसकट.